जुनी लेथ, नवा पीसी आणि सिरीयल पोर्ट

एका वर्कशॉपमधल्या सीएनसी लेथला प्रोग्रॅम पाठवणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. पीसी मात्र उबुंटूचा. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी टाकलं.

आता लेथची आरएस-२३२ सिरीयल केबल एक्सपीपर्यंत कशी पोचवायची?

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) बंद करा. सेटिंग्जमध्ये सिरीयल पोर्ट सुरू करा, मोड 'होस्ट डिव्हाइस' ठेवा, खाली खऱ्या पोर्टचा पाथ लिहा. एक्सपीला तो साधा कॉम १ दिसतो.

परवानगीचा एरर आला, तर उबुंटूतला आपला युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा. बहुतेक जण इथेच अडकतात.

बॉड रेट आणि पॅरिटी लेथशी जुळवा. या लेथवर ४८००, ७ बिट, इव्हन होतं.

यूएसबी कन्व्हर्टर वापरताय? त्याची पद्धत थोडी वेगळी आहे, कमेंटमध्ये विचारा.