रानातील अवजारे (लेखांक ७) : दांड्याची लांबी आणि गुडघा

धारेचा कोन आणि निसणा यांचा विषय या आठवड्यासाठी राखून ठेवला होता. तो आणखी एक आठवडा लांबणीवर पडत आहे, कारण दरम्यान आलेल्या एका पत्रातील प्रश्न धारेच्या आधी सुटायला हवा. पत्रलेखकाचे म्हणणे असे की, बुशक्राफ्ट शिकू पाहणाऱ्या नवशिक्याने पाठपिशवीत सहज मावणारी, सर्वांत लहान कुऱ्हाड घ्यावी, कारण ती हलकी असल्याने तिच्यापासून इजा होण्याचा संभव कमी. हे मत सर्रास ऐकू येते आणि विकणाऱ्यांच्याही ते सोयीचे असते. परंतु उभ्याने वापरायची झाल्यास आखूड दांड्याची कुऱ्हाड ही लांब दांड्याच्या कुऱ्हाडीपेक्षा अधिक धोकादायक ठरते, आणि त्याचे कारण वजनात नसून घावाच्या वर्तुळात आहे.

हे वर्तुळ मोजपट्टीने पडताळता येते. मध्यम उंचीच्या माणसाचा खांदा जमिनीपासून साधारण १४० सेंटीमीटरवर असतो आणि खांद्यापासून मुठीपर्यंत त्याचा हात सुमारे ६५ सेंटीमीटर भरतो. दांडा ३५ सेंटीमीटरचा असेल, तर मुठीत जाणारा भाग वजा करता मुठीपासून डोक्यापर्यंत जेमतेम ३० सेंटीमीटर उरतात. म्हणजे खांदा हा केंद्रबिंदू मानल्यास पाते खांद्यापासून ९५ सेंटीमीटरवर फिरते आणि त्याच्या वर्तुळाचा तळ जमिनीपासून ४५ सेंटीमीटर उंचीवर येतो. बहुतेकांचा गुडघा नेमका याच उंचीवर असतो. घाव हुकला, गाठीवरून घसरला किंवा लाकूड अपेक्षेपेक्षा लवकर तुटले, तर पाते खाली जमिनीत न रुतता मागे वळून पायाकडे येते. याउलट दांडा ९० सेंटीमीटरचा असेल, तर पाते खांद्यापासून सुमारे १५० सेंटीमीटरवर फिरते, म्हणजे वर्तुळ पुरे होण्याआधीच जमीन आडवी येते. अशा वेळी धार खराब होते, नडगी वाचते. लांब दांड्याने अपघात होतच नाहीत असा याचा अर्थ नव्हे, कारण वाकलेले शरीर आणि बाजूने घातलेला घाव हा हिशेब बदलून टाकतात. मात्र सरळ, खाली येणाऱ्या घावापुरता तो खरा आहे.

यावरचा उपाय नवी कुऱ्हाड विकत घेणे हा नाही. गुडघे टेकले की खांदा तितकाच खाली येतो, म्हणजे सुमारे ९५ सेंटीमीटरवर, आणि ३५ सेंटीमीटर दांड्याच्या त्याच कुऱ्हाडीचे पाते आता बरोबर जमिनीला टेकते. म्हणूनच आखूड कुऱ्हाड गुडघ्यांवर बसून चालवावी, गुडघे एकमेकांपासून दूर ठेवावेत, आणि तोडायचे लाकूड एखाद्या जाड ओंडक्यावर, तेही ओंडक्याच्या पलीकडच्या कडेजवळ ठेवावे. हुकलेला घाव मग ओंडक्यात बसतो. ओंडक्याच्या अलीकडच्या कडेवर लाकूड ठेवण्याची सवय नवशिक्यांत इतकी आढळते की, कुऱ्हाडीच्या प्रतीपेक्षा त्या सवयीकडे आधी लक्ष द्यावे.

स्वीडनमधील ग्रान्सफोर्स या १९०२ पासून चालत आलेल्या कारखान्याच्या कुऱ्हाडी या क्षेत्रात मापदंड मानल्या जातात, आणि त्यांच्या तीन मापांवरून हा प्रश्न चांगला उलगडतो. पहिली सुमारे ३५ सेंटीमीटर लांबीची आणि दांड्यासह ६०० ग्रॅमच्या आसपासची. दुसरी जवळपास ५० सेंटीमीटरची, ९०० ग्रॅमची. तिसरी सुमारे ६५ सेंटीमीटरची, सव्वा किलोच्या घरातली. पहिली एका हाताची आहे, तिसरी दोन हातांची, आणि मधली गरजेप्रमाणे दोन्हींची. दांडा लांबला की त्याच झोकात डोक्याचा वेग वाढतो, आणि घावाचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे थोड्या सेंटीमीटरांनीही काम पुष्कळ हलके होते. मनगटाएवढ्या फांद्या आणि सरपण यांसाठी पहिली पुरते. मांडीएवढे वाळलेले झाड आडवे करायचे असेल, तर तिने ते होते खरे, पण हात भरून येतात, आणि दमलेल्या हाताने घातलेले घावच हुकतात. मधले माप गुडघ्यांवर बसूनही सुरक्षित राहते आणि उभ्याने दोन हातांनी धरता येते, म्हणून एकच कुऱ्हाड बाळगायची असेल तर तीच घ्यावी, असे प्रस्तुत लेखमालेचे मत आहे. उभ्याने वापरताना तिचे वर्तुळ नडगीच्या मध्यावर येते, हे मात्र विसरू नये.

या मताला दोन मोठ्या नावांचा विरोध होईल, तोही परस्परविरुद्ध दिशांनी. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणारे अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांनी १८८४ च्या ‘वुडक्राफ्ट’मध्ये खिशात मावेल इतक्या लहान, दुधारी कुऱ्हाडीचा पुरस्कार केला. गावच्या लोहारांनी घडवून दिलेल्या कुऱ्हाडी त्यांना मुळीच पसंत पडल्या नाहीत, आणि बारा वर्षांच्या शोधानंतर त्यांनी स्वतः लाकडात नमुना कोरून रॉचेस्टर शहरातील शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या एका कारागिराकडून तीन डॉलरांना ती करून घेतली. सीअर्स लहान चणीचे होते आणि अगदी हलक्या होडीतून एकटे हिंडत, तेव्हा त्यांची निवड त्यांच्यापुरती चोख होती. उलट कॅनडाचे मॉर्स कोहान्स्की (१९४०–२०१९) यांच्या मते उत्तरेकडील थंड जंगलात कुऱ्हाड हेच सर्वांत महत्त्वाचे अवजार. तिथे रात्रभर जळणारा विस्तव हा जगण्यामरण्याचा प्रश्न असल्याने त्यांचा कल लांब दांड्याकडे होता. डोके तळहातात धरून हात लांब केल्यास दांड्याचे टोक बगलेपर्यंत पोहोचावे, हा त्या भागातील सोपा ठोकताळा आहे. या दोघांचे मतभेद कुऱ्हाडीविषयी कमी आणि हवामानाविषयी अधिक आहेत.

लांबी ठरल्यावर दांडा पारखावा. चांगल्या परदेशी कुऱ्हाडींना हिकरी या चिवट लाकडाचा दांडा असतो. आपल्याकडे तेच काम धावडा उत्तम करतो. दांड्याच्या बाजूला दिसणाऱ्या तंतूंच्या रेघा टोकापासून टोकापर्यंत सलग जायला हव्यात. त्या मध्येच तिरप्या होऊन कडेतून बाहेर पडत असतील, तर दांडा तिथेच चिरफाळतो, मग लाकूड कितीही नामांकित असो. खालच्या टोकावरची वाढीची वलये पात्याच्या रेषेत असावीत हा नियम जुना आहे आणि तो पाळावा, पण तंतूंच्या सलगपणापुढे तो दुय्यम होय. दांड्यावर जाड, चकचकीत रोगण असेल तर हाताला फोड येतात. ते खरवडून जवसाचे तेल मुरवणे बरे.

शेवटी नेढे, म्हणजे डोक्यातील दांडा बसवण्याचे भोक. कुदळीचा दांडा वरून घातलेला असतो आणि जाड टोकामुळे डोके निसटत नाही. स्वीडिश कुऱ्हाडीत दांडा खालून येतो आणि वरून ठोकलेली पाचर त्याला नेढ्यात फुलवून धरते. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसले की डोके खुळखुळू लागते. अशा वेळी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. लाकूड फुगते आणि डोके घट्ट होते हे खरे, पण फुगताना लोखंडाशी दाबले गेलेले तंतू चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा सैल होतो. पाचर आत ठोकून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर जुनी काढून किंचित जाड नवी बसवावी, आणि तोवर ती कुऱ्हाड वापरू नये. निसण्याचा विषय पुढील आठवड्यात.