दुसरी प्रत, पण तीच फाइल

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची पीडीएफ उघडली की सहीच्या जागी कधी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. तेवढ्यावरून सही खोटी ठरत नाही. आपल्या संगणकाला सही करणाऱ्याची ओळख पटलेली नसते, एवढंच. खरी गंमत आत आहे. सही करताना फाइलचा ठसा काढतात, एसएचए-२५६ पद्धतीत ६४ अंक-अक्षरांचा. एक स्वल्पविराम बदला, ठसा पार वेगळा! 'संपादन बंद'चा पासवर्ड म्हणजे मात्र दाराची नुसती कडी. कितीतरी सॉफ्टवेअर ती सहज काढतात. ठसा जुळायचा तर फाइल तीच हवी. म्हणून बिलाची दुसरी प्रत मागितली, तर शहाणी यंत्रणा नवी पीडीएफ बनवत नाही. तोवर पत्ता, लेटरहेड, फॉन्ट बदललेला असू शकतो. ती जपलेली मूळ फाइलच पुन्हा देते. प्रिंटवर डिजिटल सही उतरत नाही, तिचं चित्र उतरतं. म्हणून सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांकही छापलेला असतो.