२७५ रुपयांची फी

मनोरीच्या पोराला मुंबईच्या मैदानांवर खेळायचं तर आधी खाडी ओलांडावी लागते. फेरीबोटीने मार्वे, बसने मालाड, पुढे लोकल. किटबॅग सगळा वेळ खांद्यावर. शाळेतला खेळ यशस्वी कशाने होतो यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी ढालींचं कपाट सोडून खाडीच्या पूर्वेकडची एक शाळा निवडली: बोरिवलीच्या गोराईतलं स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूल.

मुंबईच्या शालेय क्रिकेटचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड, शारदाश्रम, आचरेकर सर, १९८८ची सचिन-विनोदची ६६४ धावांची भागीदारी. त्यात नव्याने घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मला खिळवून ठेवलं ते गोराईच्या या शाळेचे क्रिकेट प्रशिक्षक दिनेश लाड सरांनी. १९९९च्या सुमारास एका उन्हाळी स्पर्धेत त्यांच्या शाळेविरुद्ध एक मुलगा ऑफस्पिन टाकत होता. सरांना तो आपल्या शाळेत हवा होता. पण मुलगा बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे राहत होता, आणि नव्या शाळेची महिना २७५ रुपये फी घरच्यांना झेपणारी नव्हती. सरांनी संचालकांकडे शब्द टाकला आणि फी माफ झाली. पुढे त्याच मुलाला फलंदाजी करताना पाहून सरांनी त्याला थेट सलामीला पाठवलं, आणि त्याने शतक ठोकलं. तो रोहित शर्मा.

याच शाळेतल्या शार्दुल ठाकूरची अडचण वेगळी होती. तो पालघरचा. तिथून रोज बोरिवलीला येऊन शाळा, सराव आणि परत घर, हे दहावीच्या वर्षात कसं जमायचं? लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. सरांना पुढे, २०२२मध्ये, द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मला मात्र सगळ्यात मोठा वाटतो तो घरात आणखी एक अंथरूण घालण्याचा निर्णय, कारण तेव्हा हा मुलगा भारताकडून खेळेल याची खात्री कुणालाच नव्हती.

काळजी इथेच सुरू होते. असा एक माणूस निवृत्त झाला की फी कोण माफ करणार? घरी कोण ठेवणार? शाळेच्या नियमांत ते कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय दुसऱ्या शाळेतला तयार खेळाडू उचलणं सोपं असतं. ढाल लवकर येते, पण आपल्याच सातवीतला मुलगा राखीव म्हणून बाकावर बसून राहतो. शाळेचा संघ जोखताना मी आधी त्या बाकाकडे पाहीन.

मोठ्या आकड्यांमागे तो बाक दिसत नाही. जानेवारी २०१६मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी चषक या शालेय स्पर्धेत ३२३ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली. समोरच्या शाळेचे नेहमीचे खेळाडू त्या सामन्यात नव्हते, बरीचशी लहान मुलं उतरली होती; ती ३१ आणि ५२ धावांत बाद झाली. त्यांना त्या दिवशी खेळातून काय मिळालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. २०१७मध्ये त्याच्या वडिलांनी, रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या माणसाने, मुलाच्या धावा होत नाहीत म्हणून ती थांबवा असं संघटनेला स्वतःहून कळवलं. धावा आटल्या की मदतही परत करायची असते, असं त्या घराला वाटलं, आणि तसं वाटू नये म्हणून आपल्या शालेय क्रिकेटमध्ये तेव्हा कोणतीच सोय नव्हती.