मोटारीची उंची आणि तिचे गणित

मोटारीचा सांगाडा चाकांवर थेट टेकलेला नसतो; तो स्प्रिंगांवर तोललेला असतो. रस्त्यातील खड्ड्याचा धक्का चाकाला पूर्ण बसतो, परंतु आत बसलेल्या माणसाला तो सौम्य जाणवतो, याचे कारण या स्प्रिंगा होत. चाक आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या व धक्के सोसणाऱ्या या यंत्रणेला ‘सस्पेन्शन’ असे म्हणतात. मोटार जमिनीपासून किती उंच उभी राहील, हेही या यंत्रणेवरच ठरते. सामान्यतः ही उंची कारखान्यात कायमची निश्चित केलेली असते. ती कमीअधिक करण्याची सोय असलेल्या जोडणीला ‘कॉइलओव्हर’ असे नाव आहे. कॉइलओव्हर बसविलेल्या मोटारीची उंची घरच्या अंगणातही बदलता येते. मात्र उंचीबरोबर आणखी कायकाय बदलते, हे समजून घेतल्यावाचून या कामाला हात घालू नये.

कॉइलओव्हरची रचना

स्प्रिंगवर जितका भार टाकावा तितक्या प्रमाणात ती दबते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. मोटारीच्या स्प्रिंगलाही तोच लागू पडतो. परंतु नुसती स्प्रिंग असली तर एका खड्ड्यानंतर मोटार कितीतरी वेळ वरखाली डोलत राहील. हे डोलणे आवरण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि त्या विरोधामुळे हालचाल लवकर शमते.

अनेक लहान मोटारींच्या पुढील चाकांवर स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच गुंडाळलेली असते. पण तिची खालची बैठक नळीला पक्की जोडलेली असते. कॉइलओव्हरमध्ये नळीवर बोल्टासारखे आटे पाडलेले असतात. स्प्रिंगची खालची बैठक म्हणजे या आट्यांवर फिरणारे एक धातूचे कडे असते आणि ते हलू नये म्हणून त्याच्याखाली दुसरे कडे आवळलेले असते. बैठकीचे कडे वर नेले की मोटार उचलली जाते. खाली आणले की मोटार खाली बसते.

कडे फिरविल्याने काय होते?

कडे वर आवळले की स्प्रिंग अधिक कडक होते, असा समज पुष्कळांचा असतो. तो साध्या हिशेबाने दूर होतो. एका चाकावरील स्प्रिंगला २५० किलोग्रॅम भार पेलायचा आहे आणि ती दर ५ किलोग्रॅमला १ मिलिमीटर दबते, असे समजू. मोटार जमिनीवर उभी राहिली की ही स्प्रिंग ५० मिलिमीटर दबेल. कडे १० मिलिमीटर वर नेले तरी भार तेवढाच राहतो, म्हणून स्प्रिंग पुन्हा ५० मिलिमीटरच दबते. बदलते ते स्प्रिंगचे स्थान; तिचा कडकपणा नव्हे.

आट्यांमधील अंतर २ मिलिमीटर असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात कडे २ मिलिमीटर सरकते आणि पाच फेऱ्यांत १० मिलिमीटर. मात्र मोटार प्रत्येक वेळी तेवढीच उतरेल असे नाही. स्प्रिंग चाकाजवळ उभी असेल, तर दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी येतात. ती आतल्या बाजूला, एखाद्या भुजेच्या मध्यावर बसविलेली असेल, तर कडे थोडे सरकले तरी चाकापाशी उंची अधिक बदलते. म्हणून फेऱ्या मोजून थांबू नये. शेवटी उंचीच मोजावी.

काही कॉइलओव्हरमध्ये बैठकीला हात न लावता खालचा आधार नळीवर वरखाली फिरवून उंची बदलता येते. त्यामुळे शॉक ॲब्सॉर्बरची हालचालीची मुभा कमी होत नाही. केवळ बैठक उतरवली, तर मात्र मोटार धक्क्याच्या वेळी खाली दबण्यास कमी जागा उरते आणि रबरी अडथळ्यावर आदळू लागते. दोन्ही प्रकारांत उत्पादकाने सांगितलेली मर्यादा ओलांडू नये. खालच्या आधारात पुरेसे आटे गुंतलेले नसतील, तर तो निसटू शकतो. बैठक फार खाली गेली, तर चाक लोंबकळत असताना स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते.

आधी मोजमाप

काम सुरू करण्यापूर्वी मोटार सपाट जागी उभी करावी, टायरांतील हवा नेमून दिलेल्या दाबाइतकी ठेवावी आणि सामान उतरवावे. त्यानंतर प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज व हवा यांचा फरक मापात मिसळतो. चारही मापे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. नवी उंची पसंत पडली नाही, तर परत फिरण्याची वाट या चार आकड्यांतूनच सापडते.

चारही कोपऱ्यांचा मेळ का घालायचा, हे चौरंगाच्या उदाहरणावरून कळते. चौरंगाचा एक पाय उंच असला, तर सारा भार तो पाय आणि त्याच्या समोरचा तिरपा पाय यांच्यावर येतो. उरलेले दोन पाय हलके होतात. मोटारीचा एकच कोपरा उंच केला तरी असेच घडते. हलक्या झालेल्या चाकाची रस्त्यावरील पकड कमी होते आणि जोरात ब्रेक लावल्यावर मोटार एका बाजूला ओढली जाऊ शकते. डोळ्यांना हा दोष दिसत नाही. मापाला मात्र दिसतो.

प्रत्यक्ष काम

या कामातील सर्वांत मोठा धोका स्प्रिंगचा नसून मोटारीच्या वजनाचा आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. मोटार उचलल्यावर तिच्या सांगाड्याखाली, पुस्तिकेत दाखविलेल्या ठिकाणी, पोलादी जॅक स्टँड लावावेत आणि वजन त्यांच्यावर येऊ द्यावे. विटा व दगड यांचा आधार कधीही घेऊ नये. भार आल्यावर वीट आधी सूचना देऊन फुटत नाही. जमीन टणक असावी. जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावाव्यात. चाकाचे नट मोटार उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत.

चाक काढल्यावर आट्यांवरील चिखल तारेच्या ब्रशाने साफ करावा. समुद्रकिनारी खाऱ्या हवेमुळे आटे गंजून धरतात. तेथे गंज सोडविणारे तेल लावून थोडा वेळ थांबावे. प्रथम खालचे कडे सैल करावे, मग आकड्याच्या पान्याने बैठकीचे कडे फिरवावे. हातोडीने ठोकू नये; आटे बिघडले की कडे कायमचे अडकते. एकाच आसावरील दोन्ही बाजूंना सारखेच फेरे द्यावेत. शेवटी खालचे कडे पुन्हा घट्ट आवळावे. स्प्रिंग बाहेर काढण्याची गरज पडली, तर ते काम कुशल कारागिराकडेच सोपवावे. दाबलेल्या स्प्रिंगमधील जोर जिवावर बेतू शकतो.

चाके बसवून मोटार खाली घेतल्यावर लगेच मोजू नये. चाके बाजूला घसटून अडलेली असतात, त्यामुळे माप खोटे येते. चाकाचे नट ठरलेल्या ताकदीने आवळावेत, मोटार थोडी पुढेमागे न्यावी आणि मग चारही मापे पुन्हा घ्यावीत.

उंचीबरोबर बदलणाऱ्या गोष्टी

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. चाके आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला किंचित वळतात, झुकतात आणि टायर एका कडेने झिजू लागतात. म्हणून प्रत्येक बदलानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. पुढची बाजू उतरली तर दिव्यांचा झोत खाली पडतो आणि मागची उतरली तर तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. दिवेही नव्याने जुळवावे लागतात. चाक उजवी-डावीकडे पूर्ण वळवून ब्रेकची नळी ताणली जात नाही ना आणि टायर कोठे घासत नाही ना, हेही पाहावे.

रस्ता आणि कायदा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधकाचा गोलाकार नमुना ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच सांगितला होता. पुढील व मागील चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली मोटार त्याच्या मध्यावर आली, तर चाकेही उंचवट्यावरच असतात. तिच्या पोटाखाली सुमारे साडेचार सेंटिमीटर जागा असली तरी ती निघून जाते. पण गल्लीतील अरुंद गतिरोधकावर दोन्ही चाके उंचवट्याबाहेर राहतात आणि पोटाखाली पूर्ण १० सेंटिमीटर जागा लागते. १७ सेंटिमीटर जागा असलेली मोटार ४ सेंटिमीटर उतरविली आणि प्रवाशांच्या भाराने ती आणखी ३ सेंटिमीटर दबली, तर उरतात नेमके १०. मग एखाद्या हिसक्याने इंजिनाच्या तेलाचे भांडे गतिरोधकावर आपटते.

कायद्याचाही विचार आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. म्हणून कॉइलओव्हर बसविण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

उंची बदलण्यास पाना आणि तासाभराचा वेळ पुरतो. परंतु मोटारीतील कोणताही भाग एकटा नसतो. एका कड्याचा फेरा टायर, ब्रेक, दिवे आणि समोरून येणारा वाटसरू यांच्यापर्यंत पोहोचतो. हा संबंध ओळखून, मोजून आणि नोंदवून जो काम करतो, तोच खरा कारागीर होय.