शनिवार-रविवार शहापूर-मुरबाडचा

मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या कुटुंबांना दोन दिवसांत जाऊन येता येईल असे जवळचे खेडे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत सापडते. लोणावळा-महाबळेश्वरसारखी ही थंड हवेची ठिकाणे नव्हेत. येथे मॉल रोड नाही, चिक्कीची दुकाने नाहीत, सूर्यास्त पाहायला बांधलेले कठडेही नाहीत. येथे आहे ती भातशेती, सागाचे आणि मिश्र झाडांचे रान, धरणांचे फुगवटे आणि पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत. गाव पाहायला येणाऱ्याला एवढे पुरते. हॉटेलची हौस असलेल्याने मात्र दुसरी दिशा धरावी.

दोन्ही तालुके शेजारी असले तरी त्यांच्यात फरक केला आहे तो रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५५ साली वाशिंदपर्यंत आला, १८६० साली आसनगावला पोहोचला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. त्यामुळे शहापूर तालुक्यात लोकलने उतरता येते. आसनगाव मुंबईहून सुमारे ८६ किलोमीटर, कसारा १२१. शहापूर गाव आसनगाव स्थानकापासून तीनेक किलोमीटरवर आहे आणि स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात. कल्याणच्या पुढे गाड्यांची संख्या एकदम रोडावते, तेव्हा वेळापत्रक पाहून निघणे शहाणपणाचे. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी किंवा खासगी गाडी, हाच मार्ग. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी गावे घेत हा रस्ता माळशेज घाट चढतो आणि पुढे अहिल्यानगरकडे जातो. सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला जाता येते, म्हणजे एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परतणेही शक्य आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. त्याने नाशिककरांनाही हा भाग जवळ आला.

मुक्कामाचे तीन प्रकार आहेत, आणि सहलीचा सगळा रंग या निवडीवर ठरतो. पहिला प्रकार फार्महाउसचा. शहरातल्या मालकाने घेतलेली जमीन, तीवर बंगला, पोहण्याचा तलाव आणि रात्री स्पीकर. येथे राहणाऱ्यांचा गावाशी संबंध येतो तो फाटक उघडणाऱ्या माणसापुरता. दुसरा प्रकार कृषी पर्यटन केंद्राचा. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला आपल्या केंद्राची पर्यटन विभागाकडे नोंदणी करता येते. अशा ठिकाणी राहण्याच्या खोल्या साध्या असतात, जेवण घरचे असते आणि शेतात काय चालले आहे ते दाखवायला स्वतः शेतकरी असतो. तिसरा प्रकार किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांत रूढ आहे: आधी फोन करून सांगितले की एखाद्या घरात जेवणाची आणि ओसरीवर झोपण्याची सोय होते. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर दुसरा प्रकार सोयीचा, कारण स्वच्छतागृह आणि पलंग मिळतो. गावाच्या हाती चार पैसे पडतात ते मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातच.

पोहण्याच्या तलावाचा उल्लेख आला म्हणून पाण्याचे सांगायला हवे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकत्रित साठवणक्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर मानली जाते. त्यातले ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातसाचे. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसाही याच तालुक्यात. मुरबाडकडच्या बारवी धरणाचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि आसपासच्या शहरांना जाते. आणि याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. धरण खोऱ्यात, पाडा टेकाडावर, आणि जलवाहिनी शहराकडे, असा हा हिशेब आहे. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्याने बादलीभर पाण्यात अंघोळ उरकली तर यजमानावर उपकारच होतात.

कोणत्या महिन्यात जावे, याचे उत्तर कुटुंबाला काय पाहायचे आहे यावर आहे. बहुतेक लोक पावसाळ्यात धबधब्यांसाठी येतात. पण भातशेतीचे काम पाहण्याची खरी वेळ जुलै. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण आणि गवत जाळून भाजलेल्या राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, पहिल्या पावसाला पेरणी झालेली असते. वीस-पंचवीस दिवसांत रोपे हिरवीगार होतात आणि आवणी सुरू होते. राबातून रोपे उपटायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, मूठ बांधायची आणि चिखलणी केलेल्या खाचरात फेकायची. मग बायका ओळीने वाकून, मागे मागे सरकत, दोन-चार काड्यांचा चूड अंगठ्याने चिखलात खोचत जातात. शहरातल्या मुलांना तासभर हे काम करू दिले तर कंबर कशाला म्हणतात ते कळते. पूर्वी डोक्यावर इरले असे, आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद असतो. फोटोसाठी इरले घालून दाखवणारी केंद्रेही आहेत. ती हौस पुरवायला हरकत नाही, पण ते खरे मानू नये.

ताटातही ऋतू दिसतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारी शेवळे रस्त्याच्या कडेला जुड्यांनी विकायला असतात. त्यांचा वरचा पापुद्रा सोलून, खाजरा पिवळा भाग काढून टाकून, काकडाच्या आंबट फळांबरोबर ती शिजवतात, नाहीतर घसा खवखवतो. ज्याला ही भाजी साफ करता येत नाही त्याने ती विकत न घेता येथेच कोणाकडून तरी करून घेऊन खावी. पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी येतात. कृषी विभाग ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. त्या दिवसांत आले तर या भाज्या एका ठिकाणी पाहायला मिळतात. एरवीचे जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, गावठी कोंबडीचा रस्सा. उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणांतून मिळतात. ती विकणाऱ्या बहुधा ठाकर किंवा कातकरी बायका असतात. दोन-चार रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करणे हा शहरी पाहुण्यांचा आवडता, आणि लाजिरवाणा, उद्योग आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात एखादी वाडी ओस दिसली तर कारण बहुधा हेच असते.

हिंडण्यासारखी स्थळे भरपूर आहेत, पण सगळी सगळ्यांसाठी नाहीत. आसनगावजवळचा माहुली हा पळसगड, माहुली आणि भंडारगड मिळून झालेला मोठा किल्ला. निजामशाही वाचवण्याच्या शेवटच्या धडपडीत शहाजीराजांनी १६३५-३६ साली याचाच आश्रय घेतला होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांकडे गेला आणि १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत जिंकला. गडावर जायला तीनेक तास लागतात आणि शेवटी लोखंडी शिडी आहे. लहान मुले असतील तर पायथ्याच्या गावापर्यंत जाऊन ओढ्याकाठी बसणेच बरे. डेहणे गावावरून अजोबाच्या डोंगरातल्या वाल्मीकी आश्रमाकडे जाणारी रानातली वाट त्या मानाने सोपी. लव-कुशांचा जन्म येथे झाला अशी स्थानिक श्रद्धा आहे.

मुरबाड तालुक्यातला नाणेघाट मात्र शक्य असेल त्याने पाहावाच. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारा सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी मार्ग. घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची जंत्री असून तीतल्या संख्यांमुळे भारतीय अंकांच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे सांगतात. वैशाखऱ्याच्या बाजूने चढायला अडीच-तीन तास पुरतात. ज्यांना चढवत नाही त्यांना जुन्नरच्या बाजूने गाडीने माथा गाठता येतो. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मे झाले. तेथे त्यांचे स्मारक आहे. गोरखगड, मच्छिंद्रगड हे सरावलेल्या गिर्यारोहकांचे काम. पौष पौर्णिमेला म्हसा गावी भरणारी जत्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. जानेवारीत जाणाऱ्याने तारीख पाहून ती साधावी, मुलांना एवढे बैल एके ठिकाणी दुसरीकडे क्वचितच दिसतील.

हे रान अजून जिते आहे. २००९ साली माळशेजच्या जंगलात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला होता, हे त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे कळले. अंधार पडल्यावर मुलांना एकटे अंगणाबाहेर जाऊ देऊ नये, असे गावकरी सांगतात ते म्हणूनच ऐकावे.

त्याहून मोठा धोका पाण्याचा. वर घाटावर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही ओढ्याला अचानक लोंढा येतो. पाय सरकणारे शेवाळलेले खडक आणि न दिसणारे डोह दरवर्षी बळी घेतात, आणि त्यात पोहता येणारेही असतात. त्यामुळे पावसाळ्यात ठाणे जिल्हा प्रशासन धबधबे, धरणे आणि तलावांच्या परिसरात मनाई आदेश काढते. त्यांत शहापूर-मुरबाडमधली ठिकाणेही येतात. घरून निघण्यापूर्वी हे आदेश पाहावेत, मुक्कामाच्या यजमानाला फोन करून ओढ्यांचे पाणी विचारावे, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर धबधब्याचा बेत रद्द करून आवणी पाहायला जावे.