फुकट दिलेलं बटण

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला छापील फॉर्मचं महत्त्व सांगावं लागत नाही. भरणा चलनावर तारीख कुठे, अक्षरी रक्कम कुठे, सही कुठे, हे एकदा नीट ठरलं की ग्राहकाचाही जीव सुटतो आणि काउंटरवरच्या कारकुनाचाही. पण चौकटच चुकली, तर ती चूक हजारो चलनांवर छापून येते.

संगणकाच्या पडद्याचंही तसंच आहे. रेल्वेचं तिकीट काढताना किंवा विजेचं बिल भरताना आपण जी बटणं दाबतो, ज्या चौकटी भरतो, त्या दरवेळी कुणी नव्यानं घडवत बसत नाही. असे सुटे भाग एकदाच करून ठेवतात. त्या संग्रहाला कॉम्पोनंट लायब्ररी म्हणतात. सुताराकडे बिजागऱ्या-कड्यांचा डबा असतो, तसाच हा डबा. विशेष म्हणजे हे डबे पुष्कळदा फुकट वाटले जातात. ट्विटर कंपनीत काम करणाऱ्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन या दोघांनी कंपनीतल्या अंतर्गत कामासाठी केलेला असा संग्रह २०११ साली 'बूटस्ट्रॅप' या नावानं जगाला खुला झाला. कुणीही घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा, पुढे द्यावा. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

माझी पुतणी पुण्यात संगणकाचं काम करते. नोकरीवरून आली की रात्री ती स्वतःचा असा एक डबा भरत बसते. "अगं, एवढे तयार डबे असताना हा उपद्व्याप कशाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "काका, तयार बटण वापरता येतं, पण ते कळत नाही. स्वतः केलं की कळतं."

मग तिनं मला बटण समजावून सांगितलं. आपल्याला तो रंगीत चौकोन दिसतो. पण अंध माणूस पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर विसंबून असतो. घडवणाऱ्यानं नुसताच चौकोन रंगवला, 'हे बटण आहे' असं संगणकाला सांगितलंच नाही, तर त्या माणसापुरतं ते बटण अस्तित्वातच नसतं. ज्याला माउस धरता येत नाही, त्याला ते कळफलकावरून दाबता आलं पाहिजे. रंगाचंही मोजमाप आहे. नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ला १ इतका फरक हवा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मोतीबिंदूच्या उंबरठ्यावरच्या आम्हा मंडळींना त्याची किंमत कळते!

पण देणाऱ्याचा हात सैल सुटला तर? चीनमधल्या अलीबाबाच्या परिवारातली 'अँट डिझाइन' ही अशीच एक नावाजलेली खुली लायब्ररी. २५ डिसेंबर २०१८ला ती वापरणाऱ्यांच्या पडद्यांवरच्या बटणांवर अचानक बर्फ साचलेला दिसू लागला. नाताळची गंमत म्हणून सांभाळणाऱ्यांपैकी एकानं ती कोणालाही न सांगता आत घालून ठेवली होती. ज्यांनी विश्वासानं तो डबा घेतला होता, त्यांच्यावर आपापल्या साहेबांना आणि गिऱ्हाइकांना तोंड देण्याची पाळी आली. ओरड झाली, माफी मागितली गेली. बर्फ कुणाला इजा करणारा नव्हता. पण दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या हाती आहे, याचा विसर पडला होता.

असे डबे देताना सोबत बहुधा परवाना जोडतात. 'एमआयटी' नावाचा परवाना त्यांत फार प्रचलित. 'जसं आहे तसं घ्या, हमी नाही,' असा त्याचा आशय. कायद्यानं एवढं पुरतं. बँकेतही व्हाउचरवर सही करणारा प्रत्येक जण कायद्याच्या भीतीनंच सही करत नसे. खाली आपलं नाव आहे, एवढंही पुरेसं असे.

पुतणीनं आपला डबा अजून खुला केलेला नाही. तारीख निवडायची चौकट कळफलकावरून नीट चालत नाही म्हणते. ती चालू लागली, की देणार आहे.