एक बोअर, तीन आशा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांना पावसाने कधी सारखी माया लावली नाही. पश्चिमेला महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत त्याच्या दहाव्या हिश्श्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. साहजिकच उन्हाळा लागला, की इकडे बोअरच्या गाड्यांची घरघर सुरू होते.

आटपाडीकडचा माझा एक भाचा असाच सल्ला विचारायला आला होता. म्हणाला, "मामा, पाणाड्यानं जागा दिलीय. गाडीवाला म्हणतो, दीडशे फुटांना पाणी लागेल, नाहीतर तीनशेला, नाहीतर पाचशेला. तीन ठिकाणी आशा आहे म्हटल्यावर एका तरी ठिकाणी लागेलच की!"

प्रश्न शेतकऱ्याचा असला, तरी तेल शोधणाऱ्या कंपन्याही कोट्यवधी रुपये ओतण्यापूर्वी नेमक्या याच प्रश्नाशी झगडतात. एकाच विहिरीत तेलाची शक्यता असलेले अनेक थर लागणार असतील, तर त्या आशांची बेरीज कशी करायची?

आपल्या ओळखीचे उदाहरण मुंबई हायचे. १९७४ साली 'सागर सम्राट' जहाजाने अरबी समुद्राच्या तळाखाली तेल शोधले. तिथला मुख्य थर चुनखडीचा. तज्ज्ञ त्याला 'एल-३' म्हणतात. त्याच्या वर आणि खालीही तेल-वायूचे आणखी थर आहेत. मग सगळीकडेच असे का होत नाही? तेलाला चार गोष्टी लागतात: ते जिथे तयार होते तो जन्मखडक, वर येण्याची वाट, साठायला सच्छिद्र खडक आणि वर घट्ट झाकण. सच्छिद्रता आणि झाकण ज्या त्या थराचे वेगळे. पण जन्मखडक बहुधा सगळ्यांचा एकच. तोच नसला, तर वरचे सारे थर एकदमच कोरडे!

आपल्या काळ्या कातळाखालीही जुने गाळाचे खडक आणि त्यांत तेल असेल का, हे कुतूहल अनेकांना असते. साताऱ्यापुरते उत्तर भूकंपाच्या अभ्यासाने दिले. १९६७ च्या कोयना भूकंपाच्या परिसरात शास्त्रज्ञांनी आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ विवरे घेतली आणि २०१७ साली गोठणे येथे एक विवर तीन किलोमीटरपर्यंत नेले. तिथे कातळ सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक! मध्ये गाळाचा थर नाही. थोडक्यात, तेलाचा जन्मखडकच नाही.

पाण्याचे गणितही याच चालीचे आहे. आपला कातळ म्हणजे लाव्हाच्या थरांची चवड. अखंड काळ्या पाषाणात पाणी राहात नाही. ते राहते भेगांत, दोन थरांच्या सांध्यात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात. हे प्रत्येक थराचे वेगळे नशीब. पण पावसाचे पाणी त्या जागी खाली मुरते की नाही, हे तिन्हींचे सामाईक नशीब.

आता आकडे पाहा. प्रत्येक थराला पाणी लागण्याची शक्यता तीनात एक धरू. तिन्ही थर एकमेकांपासून स्वतंत्र असते, तर कुठेतरी पाणी लागण्याची शक्यता सुमारे ७० टक्के. भाच्याच्या मनात हाच हिशेब होता. पण समजा, पाणी मुरत असण्याचीच शक्यता निम्मी आहे आणि मुरत असेल तर प्रत्येक थराला तीनात दोन संधी आहे. एकेका थराची शक्यता तीनात एकच राहते. एकूण शक्यता मात्र ४८ टक्क्यांवर येते.

खरी गोम पुढेच आहे. पहिला थर कोरडा गेला, की दुसऱ्याची आशा तीनात एक राहात नाही, सहात एक होते. दुसराही कोरडा गेला, तर तिसऱ्याची पंधरात एक! कारण प्रत्येक कोरडा थर सांगत असतो, की मुळात पाणी मुरतच नसावे. आणि नेमके तेव्हाच फुटाचा दर वाढलेला असतो, खिसा रिकामा झालेला असतो आणि कोणीतरी म्हणत असते, "एवढं केलंय, आता आणखी शंभर फूट!"

भाच्यासमोर मी कोरा कागद ठेवला. प्रत्येक थरासमोर पुरावा लिहायला सांगितला. शेजारच्या विहिरी-बोअरना किती फुटांवर पाणी आहे, मे महिन्यात ते टिकते का, वरच्या बाजूला ओढा किंवा बंधारा आहे का? पाचशे फुटांसमोरची जागा कोरीच राहिली. तिथे गाडीवाल्याच्या शब्दापलीकडे काही नव्हते.

कायद्याचाही विचार हवा. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटले असून तिच्यावर निर्बंध आहेत.

म्हणून कुठे थांबायचे, तो आकडा गाडी शेतात येण्यापूर्वी, घरच्या माणसांना विचारून ठरवावा. वर येणाऱ्या भुकटीचा रंग दर दहा फुटांना नोंदवून ठेवावा. कोरड्या बोअरचीही ती नोंद शेजाऱ्याचे पैसे वाचवते. आणि उरलेल्या पैशांतून शिवारात पाणी मुरवण्याचे काम काढावे. खाली आशा कितीही असोत, त्यांचा उगम वरच्या एकाच पावसात असतो.